मोटारीचा गिअरबॉक्स : निगा कशी राखावी, बिघाड कसा ओळखावा

बेंगळुरू : पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे आणि तुमकुरू मागे टाकत राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वरून बेंगळुरूत शिरणाऱ्या वाहनाला शहराची पहिली ठळक ओळख होते ती पीण्या औद्योगिक क्षेत्राची. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकारास आलेली ही वसाहत आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये गणली जाते. लेथ, मिलिंग यंत्रे, दंतचक्रे कापणारी हॉबिंग यंत्रे, उष्णोपचाराच्या भट्ट्या आणि धातूला मुलामा देणारे छोटे कारखाने येथे एकमेकांना खेटून उभे आहेत. मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये जे काही फिरते, ते कसे घडते हे पाहण्यास याहून सोयीचे ठिकाण देशात क्वचितच सापडेल. योगायोग असा की, दंतचक्रे घडवणाऱ्या या वसाहतीच्या दारातला रस्ता ती झिजवण्यातही मागे नाही.

या परिसराला यंत्रनिर्मितीची जुनी परंपरा आहे. शेजारच्या जालहळ्ळीत १९५० च्या दशकात हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला. याच महामार्गावर मागे हरिहर येथे किर्लोस्करांनी लेथचा कारखाना उभारला होता, तर बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला बिडदी येथे टोयोटा आणि किर्लोस्कर समूहाच्या संयुक्त उद्योगात मोटारींचे गिअरबॉक्स तयार होऊ लागले. मात्र मोटारमालकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती पीण्यातील एखाद्या उष्णोपचार भट्टीपाशी नीट समजते.

दंतचक्रासाठी कमी कार्बनचे, बहुधा मँगनीज आणि क्रोमियम मिसळलेले पोलाद वापरतात. त्यावर आधी दाते कापले जातात. नंतर ते चक्र साधारण ९०० ते ९५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत, कार्बनयुक्त वातावरणात काही तास ठेवले जाते. कार्बन पृष्ठभागात मुरतो. मग चक्र तेलात बुडवून एकदम थंड केले की बाहेरचा थर अत्यंत कठीण होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. मोटारीच्या दंतचक्रात या कठीण थराची जाडी साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर असते. गिअरबॉक्सचे सारे आयुष्य या थरावर अवलंबून असते. दात बोथट झाला किंवा त्यावर खड्डे पडले आणि हा थर फुटला, की वेल्डिंग करून वा घासून ते चक्र पूर्ववत होत नाही. ते बदलावेच लागते आणि पुष्कळदा त्याच्या जोडीचे चक्रही बदलावे लागते. म्हणूनच गिअरबॉक्सच्या बाबतीत ‘अजून चालतेय ना’ हा युक्तिवाद इतर कोणत्याही भागापेक्षा महाग पडतो.

तेल : थोडेसे, पण निर्णायक

या कठीण थराचे रक्षण करते ते तेल. दोन दात एकमेकांवर दाबले जातात तेव्हा त्यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा उरतो. तो टिकला तर धातू धातूला लागत नाही. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कवचात असतात आणि दोहोंना मिळून साधारण दोन लिटरच्या आसपास तेल पुरते. इंजिनाला तेलाचा फिल्टर असतो. हाताने गिअर बदलण्याच्या बहुतेक गिअरबॉक्सना तो नसतो. झिजलेल्या धातूचा कण एकतर तळाशी बसतो, चुंबकाला चिकटतो किंवा पुन्हा दातांमधून फिरतो.

तेल कोणते घालायचे, याविषयी गॅरेजमध्ये बराच सैलपणा आढळतो. गिअर तेलांच्या डब्यांवर ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ अशा श्रेणी असतात. आकडा मोठा म्हणून तेल सरस, असा समज चुकीचा आहे. जीएल-५ श्रेणीच्या तेलात प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक व फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण अधिक असते. गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोनायझरची कडी अनेक गाड्यांत पितळेची असतात आणि यांपैकी काही तेले पितळेला मानवत नाहीत. शिवाय तेल फार निसरडे असेल तर या कड्यांना आवश्यक तेवढे घर्षण मिळत नाही आणि गिअर पडताना अडखळतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत जी श्रेणी आणि जो घट्टपणा, उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-८०, दिला असेल तोच घालावा.

तेल किती किलोमीटरनंतर बदलावे, याचे उत्तर गाडीगणिक बदलते. कुठे ४० हजार, तर कुठे एक लाख किलोमीटर सांगितले जातात. काही उत्पादक ‘आयुष्यभरासाठी भरलेले’ असा शब्दप्रयोग करतात. त्यातील ‘आयुष्य’ गाडीचे की हमीच्या मुदतीचे, हा प्रश्न ग्राहकाने अवश्य विचारावा. पुस्तिकेत ‘कठीण वापर’ या मथळ्याखाली वेगळी, कमी अंतराची शिफारस असते. सतत थांबत-चालत जाणारी शहरी रहदारी, घाटरस्ते, धूळ आणि ओढलेले वजन हे सारे त्यात मोडते. म्हणजे भारतातील बहुतेक शहरी मोटारी त्याच वर्गातल्या. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या तेलबदलाचा खर्च दोन टायरांच्या किमतीपेक्षाही कमी असतो.

तेल बदलताना मालकाने तेथे उभे राहावे. निचऱ्याच्या बोल्टवरील चुंबकाला चिकटलेला राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप ही नित्याची झीज होय. त्यात हाताला लागणारे तुकडे, सुया किंवा दाताचा टवका दिसला तर गिअरबॉक्स उघडून पाहण्याची वेळ आली आहे. पिवळसर चकाकणारी भुकटी पितळी कड्यांची झीज दाखवते. आणि तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे. गिअरबॉक्सला हवा येण्या-जाण्यासाठी एक छोटी वाट असते. तापलेले कवच तुंबलेल्या पाण्यात एकदम थंड झाले की आतली हवा आकसते आणि त्या वाटेने पाणी ओढले जाते. गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर इंजिन सुरू राहिले म्हणून निश्चिंत होणारे चालक गिअरबॉक्सचे तेल तपासत नाहीत आणि काही महिन्यांनी बेअरिंग घरघरू लागते तेव्हा त्या पावसाची आठवणही राहिलेली नसते.

पीण्याचा रस्ता आणि चालकाचा डावा पाय

तुमकुरू रस्त्यावरील पीण्याचा उड्डाणमार्ग २०१० मध्ये खुला झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या आधार देणाऱ्या तारांमध्ये दोष आढळल्याने तो बंद करण्यात आला. हलकी वाहने लवकरच पुन्हा सुरू झाली, पण अवजड वाहनांना २०२४ पर्यंत खालच्याच रस्त्याने जावे लागले. मालमोटारी, बस आणि मोटारींची ती रांग ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना क्लच का जळतो हे सांगण्याची गरज नाही. मिनिटाला चार वेळा क्लच दाबावा लागला तर पाऊण तासात १८० वेळा दाबावा लागतो. दाबण्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते अर्धवट सोडून ठेवल्याने. अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळत ठेवली की तबकडी घसरत राहते, तापते आणि तिचे अस्तर झिजते. पुढच्या गाडीने दोन हात जागा सोडली की लगेच सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून जावे. सिग्नलला न्यूट्रल. डावा पाय क्लचवर टेकवून गाडी चालवण्याची सवय रिलीज बेअरिंगचा बळी घेते, तर गिअरच्या दांड्यावर हात टेकवून ठेवण्याची सवय आतल्या फोर्कवर विनाकारण भार टाकते.

महामार्गावर दुसरी एक सवय अधिक धोक्याची आहे. बेळगावहून आंबोली किंवा चोर्ला घाटाने कोकणात, गोव्यात उतरताना इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आजही दिसतात. इंजेक्शन प्रणालीच्या आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला असता इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच असते. बचत होत नाही आणि सारा भार ब्रेकवर येऊन ते तापून निकामी होण्याची शक्यता वाढते. चढताना जो गिअर लागला असता, तोच उतरताना ठेवावा, हा मालमोटारचालकांचा जुना नियम मोटारींनाही लागू आहे.

आवाज कुठून येतो

गिअरबॉक्स अचानक बंद पडला, असे सांगितले जाते. क्वचितच तसे असते. त्याआधी आवाज आलेला असतो आणि तो कोणत्या स्थितीत येतो, यावरून पुष्कळ कळते. गाडी उभी, इंजिन सुरू, गिअर न्यूट्रलमध्ये आणि क्लच सोडलेला असताना घरघर येत असेल व क्लच दाबताच ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. याउलट क्लच दाबल्यावरच चिरचिर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग पाहावे. एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या गिअरची दंतचक्रे. सर्व गिअरमध्ये आणि वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण असेल तर डिफरन्शियल किंवा त्याची बेअरिंगे. मात्र वळताना आवाज बदलत असेल तर आधी चाकांची बेअरिंगे तपासावीत. केवळ त्यांच्यापायी चांगले गिअरबॉक्स उतरवल्याची उदाहरणे कमी नाहीत.

गिअर टाकताना करकर होत असेल तर ती एकाच गिअरला होते की सर्वांना, हे पाहावे. एकाच गिअरला, विशेषतः दुसऱ्याला होत असेल तर त्याचा सिंक्रोनायझर झिजला आहे. सर्वांना होत असेल आणि इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील, तर दोष गिअरबॉक्सचा नसून क्लच पुरता सुटत नाही, हा आहे. अशा वेळी क्लचच्या द्रवाची पातळी आणि गळती तपासणे हे पहिले व स्वस्त काम. धक्का बसताच किंवा पाय उचलताच गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये निसटणे हे चिन्ह मात्र गंभीर समजावे. उतारावर ते जिवावर बेतू शकते. कारण कधी इंजिनाच्या माउंटिंगसारखे साधेही निघते, पण तपासणीपूर्वी घाटात जाऊ नये.

क्लच घसरतो आहे का, हे मोकळ्या रस्त्यावर कळते. चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात असताना अॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले आणि गाडीचा वेग मागे राहिला, तर अस्तर संपत आले आहे. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा रिलीज बेअरिंगही बदलून घ्यावे आणि इंजिनाच्या मागील तेलसीलकडे पाहून घ्यावे. तेवढ्यासाठी पुन्हा मजुरी भरणे शहाणपणाचे नाही.

गळती पाहण्यासाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कुठे व कोणत्या रंगाचा आहे ते दिसते. गिअर तेलाचा गंधकासारखा उग्र वास सहसा चुकत नाही. स्वयंचलित गिअरबॉक्सचे द्रव बहुधा लाल असते. ते तपकिरी होऊन जळका वास येऊ लागला तर आतील क्लचच्या चकत्या तापल्या आहेत.

क्लच पेडल नसलेल्या गाड्या

भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर एएमटी प्रकार सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. त्यात गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात. पायाचे व हाताचे काम यंत्र करते. म्हणून चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागीच धरून ठेवली तर त्यातही क्लच जळतो. ब्रेक दाबून थांबावे. कोरड्या दुहेरी क्लचच्या गाड्यांनाही रेंगाळणाऱ्या रहदारीचा ताप सोसत नाही. पटलावर तापमानाची सूचना आली तर बाजूला थांबून निवू द्यावे. सीव्हीटी प्रकारात दंतचक्रांऐवजी पोलादी पट्टा दोन कप्प्यांवर फिरतो. त्याला त्याच्यासाठी नेमलेलेच द्रव लागते. दुसरे कोणतेही नाही. निघताना थरथर किंवा वाढती शिटी ही त्याची धोक्याची चिन्हे.

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पारंपरिक स्वयंचलित गाडीत ‘डी’ निवडल्यावर एक-दोन सेकंद काहीच न घडणे, मग हिसका बसणे, गिअर बदलताना इंजिन मोकळे फिरणे, एकाच गिअरमध्ये अडकणे, यांपैकी काहीही दिसले तर आधी द्रवाची पातळी तपासावी. ती ठरावीक तापमानालाच मोजायची असते, त्यामुळे हे काम अंदाजाने करणाऱ्याकडे देऊ नये. उतारावर गाडी लावताना आधी हातब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक सोडून गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा आणि मगच ‘पी’ टाकावा. अन्यथा सारे वजन आतल्या एका छोट्या खुंटीवर पडते.

दुरुस्ती करणाऱ्याकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, संगणकीय तपासणीतील दोषांकांची नोंद मागावी आणि बदललेले जुने भाग परत घ्यावेत. भंगारातील गाडीचा गिअरबॉक्स बसवण्याचा प्रस्ताव आल्यास तो कवच उघडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. बाहेरून रंगवलेले कवच आतल्या दातांविषयी काहीच सांगत नाही.

बंद पडलेली स्वयंचलित गाडी दोरी लावून टोचन करून नेऊ नये. बहुतेक अशा गिअरबॉक्समधील तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना फिरतात. शक्ती मिळणारी चाके जमिनीवरून उचलून किंवा पूर्ण गाडी सपाट मालवाहू वाहनावर चढवून न्यावी, आणि विम्याच्या रस्त्यावरील साहाय्यात अशा वाहनाची सोय आहे की नाही, हे लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.