खाडीपलीकडे वसई

लढाई संपल्यावर काही वर्षांनी पत्रकार तिथे परत जातात, लोकांना विचारतात, तेव्हा काय झालं? १७३९ साली आमच्याकडे पत्रकार नव्हते. म्हणून शनिवारी मीच बाईक काढली आणि भाईंदरच्या चौक गावात, धारावी किल्ल्यावर गेलो. चिमाजी अप्पांच्या फौजेने मार्चमध्ये हा किल्ला घेतला आणि समोरच्या वसईची खाडीतली वाट अडली. मे महिन्यात वसईही पडली. हरलेल्या पोर्तुगीजांना शस्त्रांसकट, मानाने जाऊ दिलं. वसईच्या तटाखाली आपलीही हजारो माणसं गेली, ते मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही.

खाली मासे सुकवणाऱ्या आजींना लढाईबद्दल विचारलं.

"कंची लढाई? आमी इथंच होतो."

खरंय. राज्यं बदलली, जाळी तीच. असो, पुढच्या शनिवारी वसई!