'सोपा विषय' कोणी ठरवला? विद्यापीठातल्या फ्रेंचची गोष्ट

गेल्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांच्या वेळी एका काकांनी विचारलं होतं, "मुलगी चांगल्या मार्कांनी बारावी झाली, आता म्हणते फ्रेंचमध्ये बी.ए. करणार. भाषा काय, क्लास लावूनही येते. त्यात तीन वर्षं शिकण्यासारखं असतं तरी काय?" तेव्हा वेळ संपत आली होती, म्हणून उत्तर आजवर राखून ठेवलं. प्रश्न घरगुती वाटतो. पण साधारण दीडशे वर्षांपूर्वी ऑक्सफर्ड-केंब्रिजची प्राध्यापक मंडळी नेमक्या याच प्रश्नावर भांडत होती. आणि उत्तर शोधताना त्यांनी बरेच घोळ घातले. ते घोळ समजून घेतले तर काकांना उत्तर देणं सोपं जाईल.

सुरुवात 1724 पासून करू. इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज याने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये आधुनिक इतिहासाचं एकेक अध्यासन स्थापन केलं. हेतू असा, की परदेशी वकिलातींत पाठवायला माणसं तयार व्हावीत. त्यासाठी फ्रेंचसारख्या भाषा यायला हव्यात, म्हणून भाषा शिकवणारे शिक्षक त्या प्राध्यापकाने ठेवायचे होते. म्हणजे बघा, इतिहास शिकवणारा तो प्राध्यापक, आणि भाषा शिकवणारा त्याच्या हाताखालचा पगारी माणूस. ही उतरंड पुढे फार काळ टिकली.

दुसरी गोष्ट सर रॉबर्ट टेलर यांची. हे वास्तुविशारद. 1788 मध्ये वारले आणि युरोपीय भाषा शिकवणारी संस्था उभारण्यासाठी त्यांनी ऑक्सफर्डच्या नावे मृत्युपत्रात पैसा ठेवला. तो विद्यापीठाच्या हाती पडायला जवळपास अर्धं शतक गेलं. 1845 च्या सुमारास इमारत उभी राहिली, ग्रंथालय झालं, शिकवणंही सुरू झालं. पण त्या अभ्यासावर ऑनर्सची पदवी? ती नाहीच. 1887 मध्ये आधुनिक युरोपीय भाषांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करण्याचा ठराव मांडला गेला. मतं समसमान पडली आणि ठराव बारगळला. ऑनर्सचा अभ्यासक्रम आला तो 1903 मध्ये. टेलरसाहेबांच्या मृत्यूनंतर 115 वर्षांनी!

एवढा विरोध कशाला? इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन विरोधकांत आघाडीवर होते. त्यांचा मुद्दा असा, की साहित्याची गोडी ही आवडीनिवडीची बाब. आवडीनिवडीची परीक्षा कशी घेणार? हा मुद्दा अगदीच पोकळ होता असं आम्ही म्हणणार नाही. पण त्यामागे न बोललेलं एक कारण होतं. इंग्लंडच्या सुखवस्तू घरांत मुलगे लॅटिन-ग्रीक शिकत, आणि मुली पियानो, चित्रकला आणि फ्रेंच. लग्नाच्या बाजारात उपयोगी पडणारं कौशल्य म्हणजे फ्रेंच. जे बायकांना येतं ते विद्वत्तेचं कसं असेल, ही ती समजूत.

मग विषयाच्या पाठीराख्यांनी काय केलं? विषय अवघड करून दाखवला. केंब्रिजमध्ये मध्ययुगीन आणि आधुनिक भाषांची पहिली ऑनर्स परीक्षा 1886 मध्ये झाली. नावातच 'मध्ययुगीन' आधी! जुनी फ्रेंच, लॅटिनमधून आलेल्या शब्दांचे उच्चार कसे बदलले, व्याकरणाची रूपं कशी झिजली, यावर सगळा भर. फ्रेंच बोलता येते का, हे सुरुवातीला तपासलंच जात नव्हतं. बोलणं काय, गव्हर्नेसबाईही शिकवतात! विषयाला प्रतिष्ठा मिळाली खरी, पण त्यातून जिवंत फ्रेंच माणूस हद्दपार झाला.

इथे फक्त इंग्रजांना हसून चालणार नाही. खुद्द फ्रान्समध्ये डॉक्टरेटसाठी मुख्य प्रबंधाबरोबर दुसरा प्रबंध लॅटिनमध्ये द्यावा लागे. समाजशास्त्राचे एक जनक एमिल दुर्खीम यांनी 1892 मध्ये हा दुसरा प्रबंध लिहिला तो माँतेस्क्यूवर. फ्रेंच विचारवंतावर, फ्रेंच अभ्यासकाने, फ्रेंच विद्यापीठासाठी, आणि भाषा लॅटिन! ही अट गेली 1903 मध्ये.

आता ज्यांचा विषय म्हणून फ्रेंचला नाकं मुरडली गेली, त्या बायकांकडे येऊ. यात आपल्या देशातली एक मुलगी आहे. कलकत्त्याची तोरू दत्त, जन्म 1856. दत्त कुटुंब 1869 मध्ये युरोपला गेलं. नीसला शाळेत तोरू आणि तिची बहीण आरू फ्रेंच शिकल्या. पुढे केंब्रिजला बायकांसाठी चालणाऱ्या उच्च व्याख्यानांना दोघी जात. पदवीचा प्रश्नच नव्हता. 1873 मध्ये कुटुंब परतलं, पुढच्याच वर्षी आरू क्षयाने गेली. 1876 मध्ये तोरूने फ्रेंच कवितांच्या इंग्रजी अनुवादांचं पुस्तक काढलं. त्यात आरूचेही काही अनुवाद आहेत. 1877 मध्ये तोरूही गेली, अवघ्या 21 व्या वर्षी. मागे राहिलेल्या कागदांत वडिलांना चक्क फ्रेंचमध्ये लिहिलेली कादंबरी सापडली. ती 1879 मध्ये पॅरिसला छापली गेली.

तारखा जुळवून पाहा. केंब्रिजची पहिली भाषा-परीक्षा 1886 ची. ती व्हायच्या आधीच, केवळ व्याख्यानं ऐकून गेलेल्या एका बंगाली मुलीची फ्रेंच कादंबरी पॅरिसमध्ये आली होती. पुढे मुली या परीक्षेला बसू लागल्या, उत्तम वर्गात पास होऊ लागल्या. पण पदवी? ऑक्सफर्डने बायकांना ती दिली 1920 मध्ये, केंब्रिजने पूर्ण पदवी दिली 1948 मध्ये. म्हणजे आपण स्वतंत्र झाल्यावर!

विषयाची दिशा बदलली ती पहिल्या महायुद्धाने. शेजारचा देश आपण नीट ओळखतच नाही, हे इंग्लंडला कळलं. 1916 मध्ये स्टॅन्ली लीद्स यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली, तिचा अहवाल 1918 मध्ये आला. सांगणं थोडक्यात असं: भाषेबरोबर त्या देशाचा इतिहास, संस्था, साहित्य, विचार हे सगळं शिकवा. आज आपण 'भाषा आणि संस्कृती' असा जोडशब्द सहज वापरतो, त्याची एक मुळी इथे आहे. त्याच 1918 मध्ये ऑक्सफर्डला फ्रेंच साहित्याचं अध्यासन स्थापन झालं. नाव फ्रेंच सेनापती मार्शल फॉश यांचं, आणि पैसा बेसिल झाहारॉफ यांचा. हे झाहारॉफ म्हणजे तोफा-बंदुकांचे बडे व्यापारी! वर्षानुवर्षं विद्वानांच्या युक्तिवादाने जे अडून राहिलं, ते युद्धाने भराभर पुढे ढकललं. आनंद मानावा की विषाद, हे तुम्हीच ठरवा.

तर काकांचा प्रश्न. आपल्याकडे अकरावीला कित्येक मुलं फ्रेंच घेतात ती 'स्कोअरिंग' म्हणून. तीही एक प्रकारे तीच जुनी समजूत, फक्त मार्कांच्या भाषेत. क्लासमध्ये तुमची मुलगी फ्रेंच बोलायला शिकेल, आणि ते कमी नाही. केंब्रिजने बोलण्याला कमी लेखलं ती चूकच होती. विद्यापीठात मात्र तिला हेही विचारता आलं पाहिजे, की हे लोक असं का बोलतात, कशावर भांडतात, त्यांच्या क्रांतीचं आणि वसाहतींचं त्यांच्याच भाषेत काय झालं. आणि त्या आरशात आपली मराठी कशी दिसते.

म्हणून काका, आमचं एवढंच म्हणणं. कॉलेज निवडताना मार्कांबरोबर अभ्यासक्रमही मागून घ्या. त्यात भाषा, साहित्य आणि इतिहास तिन्ही आहेत का, ते मुलीला शेजारी बसवून पाहा. असतील, तर तिला खुशाल जाऊ द्या. सोपं आहे म्हणून नव्हे. ज्या पदवीसाठी इतक्या जणी पात्र असूनही ताटकळल्या, ती आज तिला नुसता फॉर्म भरून मागता येते, म्हणून.

आता प्रश्न घेऊ.