तेलाचे तूप

तमिळमध्ये तेलाला 'एण्णेय्' म्हणतात. 'एळ्' म्हणजे तीळ आणि 'नेय्' म्हणजे तूप. तेल म्हणजे तिळाचे तूप. संस्कृतातला 'तैल' हा शब्दही तिळावरूनच आलेला. हिंदी पट्ट्यात मोहरीचे ते 'कडवा तेल', तिळाचे ते 'मीठा तेल'. मराठीत खाण्याचे ते 'गोडेतेल'. आपल्या भाषांनी तेलांची ओळख ठेवली ती अशी, बियांवरून आणि चवीवरून. विसाव्या शतकात मात्र बाजारात असा एक पदार्थ आला की त्याच्या नावात बीही नव्हते आणि चवही नव्हती. त्याला नुसतेच 'वनस्पती' म्हणत. घरोघरी तो डालडा या नावाने ओळखला गेला.

हा पदार्थ जन्मला युरोपात. साबण आणि मेणबत्तीच्या कारखान्यांना घट्ट चरबी लागे आणि ती महाग होती. पातळ तेले स्वस्त होती. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडून तेल गोठवण्याच्या पद्धतीचे पेटंट विल्हेल्म नोर्मान या जर्मन रसायनतज्ज्ञाने 1902 साली घेतले. 1911 साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने सरकीच्या तेलापासून केलेले 'क्रिस्को' विकायला काढले, आणि साबणाच्या कढईतले शास्त्र स्वयंपाकघरात शिरले.

तेल पातळ का असते? मेदाम्ले म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. शेंगदाणा, तीळ, करडई, मोहरी, जवस यांच्या तेलांत बहुतेक साखळ्या असंपृक्त असतात. त्यांत मध्येच एक किंवा अनेक दुहेरी बंध असतात आणि त्या ठिकाणी साखळी वाकते. वाकड्या काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. म्हणून तेल वाहते. हायड्रोजन सोडला की काही दुहेरी बंध नाहीसे होतात. काही बंध राहतात, पण उलट बाजूला वळतात आणि साखळी जवळजवळ सरळ होते. अशा साखळ्यांना 'ट्रान्स' मेदाम्ले म्हणतात. सरळ काटक्यांची मोळी नीट बसते. तेल गोठते, रवाळ दिसते आणि लवकर खवटही होत नाही.

1929 साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की आहारातून मेद पूर्ण काढून टाकला तर प्राणी आजारी पडतो. पुढच्याच वर्षी त्यांनी लिनोलेइक आम्लाची महती सांगितली. हे असंपृक्त मेदाम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग त्याचाच असतो. नेमक्या याच सुमारास, 1931 साली, हिंदुस्थान वनस्पती कंपनी स्थापन झाली, मुंबईत शिवडीला कारखाना उभा राहिला आणि 1937 साली डालडा बाजारात आला. एकीकडे असंपृक्त मेद शरीराला का लागतो हे कळू लागले होते. दुसरीकडे शेंगदाण्याच्या तेलातला तोच गुण मोडून घट्टपणा विकला जात होता.

तो विकत घेणाऱ्यांना अडाणी म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. तूप महाग होते आणि बहुतेकांच्या घरी ते सणापुरतेच येई. लग्नातली बुंदी, दिवाळीचे शंकरपाळे, पाहुण्यांसाठी केलेला शिरा हे सगळे तुपासारख्या दिसणाऱ्या एखाद्या पदार्थात करता येणे, यात सुखाइतकीच प्रतिष्ठाही होती. पिवळ्या डब्यावरच्या ताडाच्या झाडाने ती प्रतिष्ठा स्वस्तात दिली. रिकामा डबा पुढे पीठ आणि डाळ साठवायला घरातच राहिला.

विरोधही जोरदार झाला. गांधीजींनी 1946 साली 'हरिजन'मधून वनस्पतीवर टीका केली. त्यांचा मुख्य आक्षेप फसवणुकीला होता. तेलाला तुपाचे सोंग देणे त्यांना मान्य नव्हते. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेतही पोहोचली. भेसळ डोळ्यांना दिसावी म्हणून वनस्पतीला रंग द्यावा, ही सूचना वर्षानुवर्षे चर्चेत राहिली. पण निरुपद्रवी, उष्णतेला टिकणारा आणि सहज काढता न येणारा रंग काही सापडला नाही. शेवटी तोडगा निघाला तो तिळाचा. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे झाले, कारण फर्फ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की तिळाचे तेल लालसर होते आणि तुपातली भेसळ उघडी पडते. ज्या तिळाने आपल्या भाषांना तेलाचा शब्द दिला, तो आता तेलात पहारेकरी म्हणून बसला. तुपाशी बरोबरी व्हावी म्हणून वनस्पतीत अ जीवनसत्त्वही घातले जाऊ लागले.

म्हणजे कायद्याची, प्रयोगशाळेची आणि सार्वजनिक चर्चेची मोठी शक्ती तुपाच्या रक्षणात खर्ची पडली. मूळ तेलाचे काय झाले, हा प्रश्न मागे पडला. तेलाची बाजू घेणारे फार थोडे होते. वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पा आणि त्यांच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या सहकाऱ्यांनी बैलघाणा सुधारला. झवेरभाई पटेलांच्या हाताखाली घडलेला वर्धा घाणा पुढे देशात इतरत्रही गेला. पण शेंगदाणा गिरण्यांकडे वळत होता. तेल्याचा घाणा बंद पडला की ताजे तेल जायचेच, शिवाय गुरांची पेंड आणि एका कुटुंबाची रोजी हीही गावातून जायची.

त्या मागे पडलेल्या प्रश्नाचे उत्तर आले 1990 साली, नेदरलँड्समधून. मेन्सिंक आणि कटान यांनी माणसांवरच्या प्रयोगात दाखवले की ट्रान्स मेदाम्ले रक्तातले घातक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल कमी करतात. संपृक्त मेदही घातक कोलेस्टेरॉल वाढवतो, पण ट्रान्सचा मार दुहेरी. गंमत अशी की पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात वनस्पती तूप ज्या देशांतून येऊ लागले, त्यांत हॉलंड होते. डेन्मार्कने 2003 साली ट्रान्स मेदावर कायद्याने मर्यादा घातली. भारतात खाद्यतेले आणि वनस्पतीतली मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत जानेवारी 2022पासून 2 टक्क्यांवर आली. डालडा आल्यापासून तोवर 85 वर्षे उलटली होती.

आता हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की तेल बेताने खावे आणि एकाच तेलावर न राहता निरनिराळी तेले वापरावीत. विदर्भात जवसाची चटणी, सोलापूरकडे करडई, बंगालात मोहरी, तमिळनाडूत तीळ अशी ही विविधता देशात होतीच. मात्र ती प्रांतांत वाटलेली होती आणि तिच्यामागे पोषणाचे शास्त्र नव्हते, जवळच्या शेतात जे पिके ते होते. आज शहरांत 'लाकडी घाण्याचे' तेल दुप्पट-तिप्पट भावाने मिळते. देशाचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा असतो. त्यात संपृक्त मेद जवळजवळ निम्मा, पण ते परवडते. 1937 साली तूप ज्यांना परवडत नव्हते त्यांच्या हाती डालडाचा डबा आला होता. आता तेलाच्याच बाबतीत तशी वाटणी होते आहे.