हत्तीचा पाऊस आणि मुसीचा पूर

गणपतीचा मांडव घालायची वेळ आली की आपल्याकडे एक प्रश्न दरवर्षी निघतो: वर पत्रे टाकायचे की कापड पुरेल? तरुण मंडळी मोबाइलवरचा अंदाज दाखवतात, वडीलधारी पंचांग उघडून ‘पूर्वा लागल्या, भरवसा नाही’ म्हणतात. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी घरांत पावसाचे हे दोन्ही हिशेब चालत आले आहेत. त्यांतला कोणता कुठवर पुरतो, हे या शहराने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकले.

आपले पूर्वज इकडे आले ते पावसाची नक्षत्रे बरोबर घेऊन. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. मृगापासून स्वातीपर्यंतच्या प्रत्येक पंधरवड्याच्या पावसाला घरचे नाव आहे. मृगाआधीचा तो वळीव: दुपारपर्यंत कडक ऊन, मग वावटळ, गडगडाट, कधी गारा आणि अर्ध्या तासात पुन्हा लख्ख. तापलेली हवा वेगाने वर चढते, तिच्याबरोबर पाण्याचे थेंबही उंच जाऊन गोठतात, त्यांच्या गारा होतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका. आणि सप्टेंबरअखेर हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस. याच दिवसांत मुली पाटावर हत्ती काढून त्याभोवती हादगा खेळतात. शेजारचे तेलुगू शेतकरीही हीच नक्षत्रे ‘कार्ते’ म्हणून पाळतात. मृगाच्या सुमारास दम्यासाठी माशाचा प्रसाद घ्यायला या शहरात लोटणारी गर्दी आपण सर्वांनी पाहिली आहे.

यात अनुभव किती आणि गणित किती, हे मात्र वेगळे करायला हवे. उंदीर, म्हैस, बेडूक ही पंचांगातली वाहने सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, 9 ने भागून, उरलेल्या बाकीवर ठरतात. त्यामुळे एकाच पंचांगात रत्नागिरीला जे वाहन, तेच हैदराबादला. प्रत्यक्षात तिकडे वर्षाला तीनशे सेंटिमीटरच्या वर पाऊस पडतो, इकडे सुमारे ऐंशी. पण हस्ताचा पाऊस दांडगा, ही समजूत बाकीवरून आलेली नाही. परतीच्या दिवसांत बंगालच्या उपसागरातली वादळे किनारा ओलांडून दख्खनच्या पठारावर येतात, हे पिढ्यांनी पाहिलेले आहे.

1908 साली नेमके तेच झाले. नवरात्र नुकते बसले होते, सूर्य नुकताच हस्तात गेला होता. उपसागरातले वादळ पठारावर आले. 27 सप्टेंबरच्या रात्री पाऊस वाढला आणि 28 तारखेला पहाटे मुसी पात्र सोडून वस्तीत शिरली. पूल गेले, अफझलगंज परिसरातले मोहल्ले वाहून गेले. मृतांचा आकडा सुमारे पंधरा हजार सांगतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड शहराने पुढे जपले.

हवामान खाते 1875 पासून होते. पण कोणत्या खोऱ्यात किती पाऊस पडेल, हे आधी सांगण्याचे साधन तेव्हा नव्हते. रडार नव्हते, उपग्रह नव्हते. पंचांगाने पाऊस सांगितला असेलही, किती ते सांगितले नव्हते.

‘किती’चे उत्तर पुढच्या वर्षी शोधले गेले. निजाम सरकारने 1909 मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी आधी पावसाच्या नोंदी जमवल्या. शमशाबादला चोवीस तासांत 12.8 इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत 18.9 इंच, म्हणजे वर्षाच्या पावसाच्या निम्म्याहून अधिक पाऊस दोन दिवसांत पडला होता. खोऱ्यातल्या 788 तलावांपैकी 221 फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर जाई, मग तोही फुटे. या मोजमापावर वरच्या अंगाला पूर अडवणारे दोन जलाशय बांधायचे ठरले. मुसीवर उस्मानसागर 1920 मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर 1927 मध्ये पूर्ण झाला. पुढे अनेक वर्षे आपल्या घरांतल्या नळांना त्यांचेच पाणी आले.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. ऑगस्ट 2000 मध्ये बेगमपेटला एका दिवसात 24 सेंटिमीटर पाऊस झाला. ऑक्टोबर 2020 मध्ये, चित्रा नक्षत्रात, पुन्हा उपसागरातूनच आलेल्या पट्ट्याने सुमारे 19 सेंटिमीटर पाऊस दिला. तलावांच्या आणि नाल्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. इशारे आता दोन-तीन दिवस आधी मिळतात, पण पाण्याची वाट आपणच अडवली असेल तर इशारा कळूनही पाणी कुठे जाणार?

म्हणून आम्हांला दोन्ही हिशेब हवेत. कोणत्या दिवसांत सावध राहायचे ते नक्षत्र सांगते, आज किती पडेल ते हवामान खाते. खात्याच्या भाषेत ‘अत्यंत मुसळधार’ म्हणजे दिवसात 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. तो शब्द आला की मांडवाचे पत्रे बाजूला ठेवून आधी सखल भागातल्या घरांची चौकशी करावी. आणि घरात आजोबांची जुनी पंचांगे असतील तर रद्दीत देण्याआधी त्यांच्या कडा एकदा पाहाव्यात. ‘आज ओढ्याला पाणी आले’ एवढी एक ओळ जरी तिथे सापडली, तरी तीही या शहराच्या पावसाची नोंदच आहे.