राजाच्या बुटावरील सूर्य

फ्रेंच दरबारी नृत्यनाट्यात पोशाख पुष्कळ काही बोलत असे. २३ फेब्रुवारी १६५३ रोजी पॅरिसमध्ये ‘बाले द ला न्युई’ सादर झाले. रंगमंचावर रात्रीचे चार प्रहर सरल्यावर १४ वर्षांचा चौदावा लुई उगवता सूर्य होऊन अवतरला. त्या पोशाखाचे चित्र आजही उपलब्ध आहे : मस्तकाभोवती सोनेरी किरण, मनगटांवर, गुडघ्यांवर, अगदी बुटांवरही सूर्य!

ही निव्वळ हौस नव्हती. १६४८ पासून राज्य बंडाळीने पोखरले होते. १६५१ मध्ये तर राजा पळाला नाही ना, हे पाहण्यास जमाव त्याच्या बिछान्यापर्यंत पोहोचला होता. परागंदा प्रधान कार्डिनल माझारँ नुकतेच परतले होते. सत्ता कोणाची, हे दरबाराला आता कशिद्यातून कळले.

पवित्र साक्रामेंताभोवती आपण पाहतो ते किरण एका कार्डिनलच्या अमदानीत राजाच्या पायाशी जावेत, हे मला खटकते. लुईने मात्र पुढे सूर्य हेच आपले राजचिन्ह केले.