प्रस्तावना : संदर्भ हाती राहावेत म्हणून

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूत बसून संशोधन करणाऱ्याला विषयांची वाण नाही. सेवाग्राम आणि पवनार जवळ, बोर व्याघ्र प्रकल्प तालुक्यात, आणि सभोवती कपाशीचे शिवार. वाण भासते ती जमवलेले नीट ठेवण्याच्या सवयीची. प्रबंधाला पाच-सहा वर्षे जातात, त्याचा ग्रंथ व्हायला आणखी काही. तेवढ्यात संगणक बदलतो आणि कधी कधी सॉफ्टवेअरच बंद पडते. संदर्भ आणि विदा सांभाळणारे सॉफ्टवेअर कसे निवडावे, हा या पुस्तकाचा विषय.

संदर्भ जपण्याची विद्या संगणकाबरोबर आलेली नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून कोटीच्या घरात चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठी लिहिणारा आणि तिच्यावरून कोशाची नोंद करणारा यांच्यात कित्येकदा पिढीचे अंतर पडले, तरी काम चालू राहिले. कारण शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या जागी, कोणत्या वाक्यात आला हे चिठ्ठीवरच लिहिलेले असते.

सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लावावी: जमवलेले पुढे दुसऱ्यालाही वापरता येते का. आत माहिती भरणे सगळीकडेच सोपे असते. बाहेर काढता येते का, ते आधी पाहावे. मेंडेली हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर 2013 साली एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीने विकत घेतले. 2018 मध्ये वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरची त्याची माहिती कूटबद्ध झाली आणि इतर सॉफ्टवेअरना ती थेट वाचता येईना. जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 साली सुरू झालेले झोटेरो मुक्त स्रोताचे आहे. त्यातल्या नोंदी आपल्याच संगणकावर एसक्यूलाइट फाइलीत राहतात, आणि बिबटेक किंवा आरआयएस रूपात केव्हाही बाहेर काढता येतात. माझा कौल झोटेरोला आहे. झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट मिळणारी जागा 300 एमबी एवढीच असते, तेव्हा पीडीएफची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावीच.

मात्र चांगले सॉफ्टवेअर अपुरी नोंद पुरी करून देत नाही. आपल्या भागातले सगळ्यात बोलके उदाहरण गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे. मूळ इंग्रजी मालिका 100 खंडांची; 1994 पर्यंत ती पूर्ण झाली. पुढे 1999 मध्ये सीडीवर आलेली सुधारित आवृत्ती 98 खंडांची निघाली आणि खंड-पृष्ठांची जुळणीच बदलली. अभ्यासकांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर 2005 साली सरकारने ती मागे घेतली. पण तिच्या फाइली आजही हातोहात फिरतात. म्हणून सेवाग्रामच्या काळातले पत्र उद्धृत करताना नुसता खंड आणि पृष्ठ देऊन भागत नाही. आवृत्तीचा रकाना भरा, आणि पत्राची तारीख व ते कोणाला लिहिले तेही नोंदवा. तारीख हाती असली की कोणत्याही आवृत्तीत पत्र शोधणे सोपे जाते.

जुन्या मराठी पुस्तकांवर शके असते. शके 1820 म्हणजे इसवी सन 1898-99. सन रकान्यात जावे, शके टिपेत जसेच्या तसे राहावे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टंकलेल्या मुलाखती आणि सर्वेक्षणे आजच युनिकोडमध्ये आणून घ्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्या निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसतात, आणि गावोगाव फिरून जमवलेली माहिती वाया जाते. सर्वेक्षणाचे तक्ते सीएसव्ही रूपातही ठेवावेत, सोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारे एक पान असावे.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी एवढे जरूर करा. आपल्या संग्रहातल्या दहा नोंदी निर्यात करा, ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा, आणि शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला त्यातले एखादे पुस्तक ग्रंथालयातून शोधून आणायला सांगा.