मदात्यय आणि प्रतिऑक्सिडीकारक : साष्टीच्या मद्येतिहासाच्या अनुषंगाने

वसईच्या खाडीकाठचे वरसावे हे पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील गाव. ताडी आणि मोहाची दारू ही या जिल्ह्याची जुनी पेये. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ती सरकारी नियंत्रणाखाली आली. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या बाळगण्यावरच निर्बंध आले. या सर्व व्यवहारात सरकारची दृष्टी मुख्यतः महसुलावर होती. पिणाऱ्याच्या शरीराचा विचार गौण होता.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात शरीराला स्थान मिळाले, परंतु ते वेगळ्या रीतीने. दारू सोडल्याने ज्याच्या प्रकृतीला अपाय होईल, त्याला परवाना देण्याची तरतूद त्यात होती. पुढे १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांवरील बंदी अवैध ठरविली. मद्य आणि औषध यांच्यातील सीमारेषा किती पुसट आहे, हे यावरून स्पष्ट होते.

आज हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. औषध घेतल्यास मद्य निर्धोक होईल काय? १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याची मुक्त-मूलक उपपत्ती मांडली. १९६८ मध्ये चार्ल्स लीबर व त्यांचे सहकारी यांनी यकृतातील मद्यार्काच्या ऑक्सिडीभवनाचा एक निराळा मार्ग दाखविला. त्या मार्गातील विकर मूत्रपिंडातही आढळते. त्याच्या क्रियेत उपद्रवी ऑक्सिजन-मूलके निर्माण होतात. उंदरांवरील अनेक प्रयोगांत ई व क जीवनसत्त्वांनी ही हानी कमी झाली. तथापि पूरक गोळ्यांनी मद्यपी माणसाचे मूत्रपिंड वाचते, असे म्हणण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. उलट क जीवनसत्त्वाच्या अतिमात्रेने लघवीतील ऑक्झलेट वाढून मुतखड्याचा संभव वाढतो. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवरील प्रयोगाचा निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले.

येथे संज्ञांचा विचार उद्बोधक ठरतो. चरकसंहितेतील ‘मदात्यय’ या शब्दात ‘अत्यय’ म्हणजे अतिक्रम आणि अनिष्ट हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. अर्थात दोषाचे मूळ सेवनात आहे, हे नावातच सुचविले जाते. ‘प्रतिऑक्सिडीकारक’ ही संज्ञा मात्र दोष ऑक्सिडीभवनाकडे वळविते आणि सेवन नजरेआड करते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती निर्दोष आहे; तिच्यातून मद्यपानाला अभय मिळते, असे मात्र समजू नये. मूत्रपिंडाच्या रक्षणाचा खात्रीचा उपाय अजूनही जुन्या शब्दानेच सुचविलेला आहे.